पेट्रोलच्या टाकीला गूळ

आमच्या गाडीतनं पेट्रोल गळतंय हे सगळ्यात आधी माझ्या नाकाला कळलं. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण हल्ली पप्पा ही हकीकत पाहुण्यांना सांगतात तेव्हा ते नाक पप्पांचं असतं, आणि शेजारचे हंबीरकाका सांगतात तेव्हा हंबीरकाकांचं. नाक माझं होतं. जयसिंगपुरातनं निघून आम्ही शिरोली एमआयडीसीपर्यंत आलो होतो, मी मागच्या पलंगावर मांडी घालून चिरमुरे खात होते, आणि चिरमुऱ्यांना पेट्रोलची चव लागायला लागली.

“पप्पा, पेट्रोलचा वास यायलाय.”

“शिरोली हाय ही. हितं कसलाबी वास येतोय,” पप्पा म्हणाले.

हे खरं होतं. फाउंड्रीतल्या जळक्या वाळूपुढं पेट्रोल म्हणजे अत्तर. पण मी आता ऐकून गप्प बसणारी राहिलेली नाही. यंदा शाळेच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी केलं, मध्येच माइक गेला तरी केलं, आणि तेव्हापासून माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. गाडीत शेवटची रांग म्हणजे पप्पांचा कान.

“पप्पा! पेट्रोल!”

पप्पांनी असा ब्रेक दाबला की चिरमुरे पुढं गेले आणि पुढच्या सीटवर बसलेल्या हंबीरकाकांच्या केसांत विसावले.

आता गाडीबद्दल. ही गाडी म्हणजे एक जुनी शाळेची व्हॅन. मी बालवाडीला ह्याच व्हॅनमधून जायचे, कुणाच्या तरी मांडीवर आणि कुणाचं तरी दप्तर माझ्या मांडीवर. व्हॅनवाल्या काकांनी धंदा बंद केला तेव्हा पप्पांनी ती घेतली, मागच्या सीटा काढल्या, प्लायवूडचा पलंग ठोकला, आईच्या जुन्या साड्यांचे पडदे लावले, गॅसच्या शेगडीला फळी केली, पिण्याच्या पाण्याचा पिंप बसवला आणि त्याच्या तोटीला गाळणं बांधलं. खिडक्यांचे गज तेवढे तसेच राहिले, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला आम्ही सहलीला निघालोय की कळंब्याच्या जेलला, हे कळायचं नाही. पिवळ्या रंगावर पांढरा रंग मारला तरी ‘शाळेची मुले’ ही अक्षरं आतून डोकावायचीच. पप्पांनी गाडीचं नाव ठेवलं ‘विहार’. आमचे जैन मुनीमहाराज पायी विहार करतात, आपण निदान चाकावर करू, असा त्यामागचा धार्मिक विचार. हंबीरकाका तिला डबडं म्हणतात.

हंबीरकाकांना एसटी स्टँडसमोर चिकन सिक्स्टी फाइव्हची गाडी टाकायची आहे, आणि त्यांची नजर विहारवर आहे. माणूस सरळ. मनात एक, तोंडात एक असं नाही. सहलीलासुद्धा ते पप्पांना उघड सांगून आले: “आण्णा, घ्यायची ती चालती बघून घ्यावी.” एके काळी त्यांनी उसाचा ट्रक चालवलाय, म्हणून त्यांना मेकॅनिक समजायची आमच्या गल्लीत पद्धत आहे.

आणि आई. आईला ही गाडी पहिल्यापासून पटलेली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी तिनं दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला.

“राधानगरीला जायचं न्हवं? जाऊया. दिवस मावळायच्या आत तिथं पोचून, ह्या गाडीत रांधून, ह्या गाडीत बसून मी जेवले, तर गाडी आपली. न्हायतर सोमवारी हंबीरभावजींना देऊन टाकायची.”

आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. पप्पा एखाद्या वेळी लग्नाकार्यात इकडंतिकडं बघून चुकतात, पण आई नाही. म्हणजे सूर्य बुडाला की आईचं जेवण बुडालं, आणि आईचं जेवण बुडालं की विहारच्या पलंगाच्या जागी उकळत्या तेलाची कढई. आमच्या विहारमध्ये चिकन! पप्पा त्या रात्री झोपेत “न्हाय, न्हाय” म्हणत होते असं आई सांगते.

तर शिरोली. आम्ही खाली उतरलो. गाडीखाली ओला डाग पडला होता. हंबीरकाका आडवे होऊन गाडीखाली शिरले. त्यांचं पोट काही शिरलं नाही, पण नजर शिरली.

“गळतंय,” ते म्हणाले.

“कुठनं?”

“गाडीतनं.”

आईनं पर्समधली काडेपेटी काढून पदरात बांधली. “वास पुरता गेल्याबिगर ह्या गाडीत काडी पेटणार न्हाय. कळलं?”

कळलं. गळती सापडल्याशिवाय शेगडी नाही, शेगडीशिवाय जेवण नाही, जेवणाशिवाय गाडी नाही. पप्पांचा चेहरा बँकेतल्या ऑडिटच्या दिवसासारखा झाला.

आपल्याकडं रस्त्याकडेला गाडी उभी करून खाली वाकलं की माणसं जमायला वेळ लागत नाही. एमआयडीसीत चहाची सुट्टी झाली होती. पहिला प्रश्न “काय झालं?” हा नसतोच. पहिला प्रश्न: “पावणं, कुठल्या गावचं?” गाव सांगितलं की त्यांची कुठली पोरगी तिथं दिलीय ते निघतं. ते निघाल्यावर मग गळतीकडं. एकानं सांगितलं, पेट्रोलची नळी बदला. दुसऱ्यानं सांगितलं, टाकीच बदला. तिसरा बराच वेळ विचार करून म्हणाला, “गाडीच बदला की.” हंबीरकाकांनी त्याला बिडी देऊ केली.

शेवटी एका आजोबांनी मार्ग काढला. “अंगाचा साबण लावा. पेट्रोलात साबण इरघळत न्हाय.”

साबण फक्त आईकडं होता. चंदनाचा, कागदही न काढलेला. आईनं तो अशा चेहऱ्यानं दिला, जणू दागिना गहाण ठेवतेय. पप्पांनी हात आत घालून टाकीला जिथं जिथं पोचेल तिथं साबण चोळला. थोडा वेळ थांबलो. डाग वाढला नाही. वास गेला आणि चंदनाचा घमघमाट सुटला.

“आता शेगडी पेटंल?” पप्पांनी विचारलं.

“राधानगरीत बघू,” आई म्हणाली.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. पण पप्पा बँकेत पासिंग ऑफिसर आहेत. गेलं तर किती गेलं, हा हिशेब लागल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. गाडीतला पेट्रोलचा काटा व्हॅनवाल्या काकांच्या काळातच मेलेला. मग मोजायचं कसं? पप्पांचा शोध असा, की टाकी शिरोलीच्या अलीकडच्या पंपावर काठोकाठ भरली होती, आता पुन्हा काठोकाठ भरायची, जेवढं मावेल तेवढं गेलं. पुस्तकात बरोबर आहे हे.

फक्त पप्पांचं ‘काठोकाठ’ जगाच्या काठोकाठसारखं नाही. आमच्या मंदिराच्या पूजेत पंगत बसली की पप्पा मुख्य वाढपी. ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतनं मठ्ठा सोडणारा माणूस. नको म्हणणारा पाहुणा हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. कागलच्या पंपावर त्यांनी तेच केलं. खट्ट आवाज होऊन नळी आपोआप बंद झाली.

“झालं साहेब.”

“झालं काय? घाल की. अजून मावतंय.”

पुन्हा खट्ट. पप्पांनी गाडीला खांदा लावून गदागदा हलवलं. आम्ही आत होतो. “हवा बसती आत. हलवलं की खाली जातंय,” पप्पा म्हणाले. आईचं डोकं गजाला लागलं. अजून घाल. अजून जरा. शेवटी पेट्रोल तोंडाशी येऊन थरथरायला लागलं, तेव्हा पप्पांनी समाधानानं झाकण लावलं, पाहुण्यानं ढेकर दिल्यावर पातेल्याला लावतात तसं.

कागल सोडून मुरगूडच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या नाकानं (माझ्याच) पुन्हा खबर दिली. ह्या वेळी मी बोलायच्या आतच एका पोलिसानं हात केला.

त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. पुसट ‘शाळेची मुले’ वाचलं. गजांतून आत बघितलं. पलंग, पडदे, पिंप, संतापलेली आई, मिशीवाले हंबीरकाका.

“पोरं कुठं हायत?”

“कुठली पोरं?” पप्पा म्हणाले.

“शाळेची गाडी हाय न्हवं? आन रविवारी कुठं घेऊन चाललायसा?”

“ही आता शाळेची न्हाय साहेब. हे फिरतं घर हाय.”

“घर?” पोलीस म्हणाला. “मग घरपट्टी कुठं भरता?”

पप्पांनी त्याला आरटीओत केलेल्या अर्जाची कथा सांगितली. पहिल्या खिडकीनं दुसऱ्या खिडकीकडं पाठवलं, दुसरीनं विचारलं, ह्यात माणसं बसणार की झोपणार. पप्पा म्हणाले, दोन्ही. त्यावर दोन्हींसाठी वेगळं येऊन भेटा म्हणाले. पोलीस ऐकता ऐकता मध्येच थांबला. त्यानं नाक वर केलं.

“गळतंय हो तुमचं घर.”

आणि तिथून पुढं तो पोलीस राहिला नाही, आपला माणूस झाला. टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि तोही गाडीखाली वाकला. “साबणानं काय हुतंय? गूळ आणि चुना. दगडी वाडं उभं हायत त्याच्यावर. आमच्या आज्ज्यानं गुऱ्हाळातली काहील आशीच लिंपलती.”

“चुना कुठनं आणायचा?” पप्पांनी विचारलं.

त्यानं खिशातनं तंबाखूची चुनाळी काढून पप्पांच्या हातावर रिकामी केली. सरकारची मदत वेळेवर पोचल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. गूळ पलीकडच्या गुऱ्हाळातनं आला, गरम, मऊ. दोन्ही कालवून पप्पांनी लिंपायला घेतलं, आणि एकदा हातात वाढायचं काही आलं की पप्पांना थांबवणं कठीण. टाकी लिंपली. टाकीचे पत्रे लिंपले. झाकणापासून टाकीत जाणारा रबरी पाइप वरून खालपर्यंत लिंपला. हात पोचेल तिथला जोड न् जोड गोड केला.

“आता बघा,” पोलीस म्हणाला. “गाडी फुटंल, पर हे फुटायचं न्हाय.” आणि आमची कागदपत्रं बघायची विसरून गेला.

मुरगूडमध्ये पोचेपर्यंत वास गेला होता. पप्पा शीळ घालत होते. शीळ घालतच त्यांनी पंपावर गाडी घातली.

“कशाला आता?” आई म्हणाली.

“किती गेलं ते कळाय नको?”

खट्ट. “घाल की.” खट्ट. गदागदा. काठोकाठ.

चिमणाआत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. तिचं घर मुरगुडात पंपापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेवढ्या अंतरात वास पुन्हा आला. पप्पांची शीळ थांबली. त्यांनी गाडी आत्याच्या अंगणात शेवग्याखाली उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

हंबीरकाका पलंगाची रुंदी वितीनं मोजत होते. “वहिनी, हितं कढई बसंल. आन त्या फळीवर चटणी.”

“भावजी, अजून दिवस मावळायचाय,” आई म्हणाली. ती विहारच्या बाजूनं बोलली असं नव्हे. ती नियमाच्या बाजूनं बोलली.

आत्यानं आम्हाला जेवायला बसवलं. नुसता चहा घेऊन निघतो, असं आत्याच्या घरात म्हणायचं म्हणजे भांडण काढायचं. पुरणपोळीवर तूप, तुपावर दूध, आणि पप्पांची ती बहीण असल्यामुळं तिच्याही हाताला ब्रेक नाही. हंबीरकाकांनी हात जोडले तर जोडलेल्या हातांवर पोळी ठेवली. जेवण करून, एकमेकांना धरून आम्ही अंगणात आलो, आणि आईनं किंकाळी फोडली.

विहारला मुंगळे लागले होते.

लागले म्हणजे काय! शेवग्याच्या बुंध्यातनं निघालेली काळी रांग चाकावरून चढून टाकीवर पोचली होती. आख्ख्या मुरगुडात पेट्रोलच्या टाकीवर गूळ लिंपून आलेली आमची ही पहिलीच गाडी असणार, आणि मुंगळ्यांनी तिचं स्वागत जोरात केलं होतं.

हंबीरकाकांनी अंगणातली पाण्याची नळी उचलली.

“भावजी!” आई मध्ये आडवी झाली. “एक मुंगी मेली तर बघा.”

“मग गाडी चालू करूया. पडतील खाली.”

“चाकाखाली?”

“वहिनी, मग काय त्यास्नी तिकीट काढून एसटीनं पाठवायचं?”

“सगळ्या सुखरूप उतरल्याशिवाय गाडी हलणार न्हाय,” आई म्हणाली आणि तिनं सूर्याकडं बघितलं. तिला काय, तिचा उपास तिला नवा नव्हता. पप्पांनीही सूर्याकडं बघितलं. त्यांना त्यात तेलाची कढई दिसली असणार.

आत्यानं घरातली गुळाची आख्खी ढेप आणून शेवग्याच्या मुळाशी ठेवली, तिकडं मुंगळे वळावेत म्हणून. आईनं मला देवघरातला मऊ कुंचला दिला आणि गाडीखाली पाठवलं. काम असं, की मुंगळ्यांना दुखापत न करता, हळूच, ढेपेच्या दिशेला वळवायचं. गॅदरिंगमध्ये पाचवीच्या पोरांना स्टेजवरून उतरवलेलं होतं मी, तेव्हा अनुभव होता. मी पोत्यावर उताणी झोपले आणि टाकीकडं बघत राहिले.

मुंगळे हुशार असतात, पण एका बाबतीत फारच सरळ. गूळ दिसला की तिथं. टाकीच्या तळाला काळं. पत्र्यावर काळं. साबण लागला होता तिथंही गुळाच्या थरावर काळं. त्या रबरी पाइपवरून ते वर चढत होते, चढत होते, आणि वरच्या टोकाजवळ आले की एकदम वळत होते. सगळे. गूळ तर तिथंही होता, पप्पांनी कंजुषी कुठंच केलेली नव्हती. पण पाइपच्या वरच्या टोकाशी हाताच्या पंजाएवढी जागा एकदम रिकामी. शाळेत ज्या बाकावर उलटी झालेली असते त्याच्या भोवती सगळे कसे लांबून जातात, तसे मुंगळे तिला वळसा घालत होते.

मी कुंचल्याच्या दांड्यानं तिथला गूळ उकरला. खालचं रबर चिरलेलं होतं, आणि चिरेतून पेट्रोल हळूच पाझरत होतं.

मी ओरडणारच होते. पण मग डोक्यात दुसरंच आलं. चीर वर आहे. अगदी झाकणाजवळ. तिथपर्यंत पेट्रोल चढतंय कसं? सकाळपासून कधी कधी वास आला ते मी आठवलं. शिरोलीच्या अलीकडं टाकी भरली, शिरोलीला वास. कागलला भरली, पुढं वास. मुरगुडात भरली, अंगणात वास. आणि मधल्या वेळात, साबण लावून, गूळ लावून, थोडं अंतर गेलं की वास बंद. साबणानं नाही, गुळानंही नाही. गाडी पेट्रोल पीत होती, पातळी चिरेच्या खाली जात होती, आणि गळती आपोआप थांबत होती. मग पप्पा हिशेबासाठी पुन्हा...

मी गाडीखालून सरपटत बाहेर आले. केसांना गूळ, नाकावर मुंगळा.

“पप्पा,” मी म्हणाले, शेवटच्या रांगेपर्यंत, “टाकी चांगली हाय! वरचा पाइप चिरलाय. गाडीचं पोट भरतंय, तुम्ही अजून घाला म्हणताय, तोंडापातूर भरताय, आणि ती वरनं ओकायल्या!”

पप्पांचा चेहरा पडला. मी त्यांना बँकेतल्या दरोड्याच्या अफवेतही असं पाहिलं नव्हतं.

“माझ्या हातानं वाढलेलं,” पप्पा हळूच म्हणाले, “आजपातूर कुणी ओकलं न्हाय.”

“ही ओकली,” आई म्हणाली.

हंबीरकाकांना हे निदान पसंत पडणं शक्यच नव्हतं. “आता मुंग्यांचं ऐकून गाडी रिपेर करायची व्हय आण्णा?” पण ते सरळ माणूस. खाली वाकून त्यांनी चीर बघितली, बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, “पोरगी म्हणती ते खरं हाय. आयला.”

उपाय सोपा होता. चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळायची, आणि वरचं पेट्रोल काढून टाकायचं. आत्यानं तिची स्कूटर पुढं आणली. हंबीरकाकांनी प्लास्टिकची नळी टाकीत सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. जरा जास्तच ओढलं. वरचं पेट्रोल स्कूटरमध्ये गेलं आणि एक घोट हंबीरकाकांमध्ये. ते जे काय थुंकले, खाकरले आणि बोलले ते मी लिहीत नाही, कारण हे शाळेतले सर वाचणार आहेत.

“अजून घाल की, मावतंय,” आत्या स्कूटर हलवत म्हणाली. आईनं तिचा हात धरला.

मुंगळ्यांचं स्थलांतर मात्र आपल्या वेळेनंच झालं. शेवटचा मुंगळा आईनं स्वतःच्या बोटावर घेऊन ढेपेवर सोडला, तेव्हा शेवग्याची सावली अंगणाच्या कडेपर्यंत गेली होती. आत्यानं भाकरी बांधून दिल्या. “रांधायचं मात्र गाडीतच,” आईनं बजावलं.

मुदाळ तिट्ट्यावरून पप्पांनी गाडी हाणली. पंप दिसला की मी आणि आई मिळून पप्पांच्या पायाकडं बघत होतो. एका पंपाला त्यांचा पाय ब्रेककडं सरकला. “पप्पा,” मी म्हणाले. पाय मागं गेला.

राधानगरीत धरणाच्या पाण्याजवळ, एका बंद टपरीमागं गाडी उभी केली तेव्हा सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. पप्पांनी शेगडी मांडली. आईनं पदराची गाठ सोडून काडेपेटी हातात घेतली, पण उघडली नाही.

“वास बघा आधी.”

“न्हाय,” मी म्हणाले.

“अजिबात न्हाय,” पप्पा म्हणाले.

“तुम्ही दोघं गाडीच्या बाजूचं. तुमची साक्ष चालणार न्हाय. भावजी, तुम्ही सांगा.”

हे म्हणजे मांजराला विचारलं, दूध प्यावं का. हंबीरकाका आत आले. गुडघ्यावर बसले. टाकीच्या बाजूला, पलंगाखाली, शेगडीजवळ, सगळीकडं नाक नेलं. मग वर बघितलं. चेहरा दुःखी होता.

“खोटं कशाला बोलू वहिनी? चांगलाच वास यायलाय.”

आईनं काडेपेटी पुन्हा पदरात बांधली. पप्पा पडद्याची घडी नीट करत बसले, नुसतेच. मला रडू येणार होतं, पण सूत्रसंचालक रडत नसतो.

हंबीरकाकांनाही ते बघवलं नसावं. ते लांब पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि तिथनं ओरडले, “वहिनी, लई वाईट गळतंय हो! हितपातूर वास यायलाय!”

“काका!” मी ओरडले. “तिकडं गाडी कुठाय?”

काकांनी मागं बघितलं, पुढं बघितलं. वास घेतला. मग हळूच बोटानं मिशी वर करून तिचा वास घेतला.

“आयला,” ते म्हणाले. “माझ्यातनंच यायलाय.”

मुरगुडात ओढलेलं पेट्रोल आख्खं मिशीत बसलं होतं. सूर्य आता डोंगराला टेकत होता. साबण तर टाकीवर. आईनं पिठल्यासाठी आणलेल्या बेसनातलं मूठभर बेसन काढून दिलं, पप्पांनी पिंपातलं गाळलेलं पाणी ओतलं, आणि हंबीरकाकांनी मिशी चोळचोळून धुतली. मिशी पिवळी झाली. मग ते पुन्हा गाडीत शिरले. पुन्हा गुडघ्यावर. ह्या वेळी त्यांना बराच वेळ लागला. ते त्या पलंगाकडं बघत होते, जिथं कढई बसणार होती, आणि त्या फळीकडं, जिथं चटणी. एक शब्द बोलले असते की सोमवारी गाडी त्यांची.

“न्हाय,” ते म्हणाले. “कायबी वास न्हाय.”

“नक्की?” आईनं विचारलं.

“दुसऱ्यांदा इचारू नका वहिनी. दुसऱ्यांदा माझा भरवसा न्हाय.”

आईनं काडी ओढली. भप्प झालं नाही, फुस्स झालं नाही, निळी गोल ज्योत लागली. पिठलं आईनं अशा वेगानं केलं की फोडणीची मोहरी अजून उडतच होती आणि पानं वाढून झाली होती. आम्ही चौघं गजांच्या आत, गुडघ्याला गुडघे लावून जेवलो. पप्पांनी सवयीनं आईच्या पानावर डाव उचलला. आई “बास” म्हणाली. पप्पांचा डाव हवेत थांबला, थोडा थरथरला, आणि चक्क परत पातेल्यात गेला. असं पप्पांच्या हातून आजवर कधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

आईनं शेवटचा घोट घेतला, हात जोडले, आणि सूर्य डोंगराआड गेला.

“गाडी विकायची न्हाय,” ती म्हणाली.

पप्पांनी डोळे पुसले आणि धूर झालाय म्हणाले. धूर नव्हता. मग आईनं ताटं आमच्या हातात दिली, आम्हाला तिघांनाही बाहेर काढलं, पलंगावर आडवी झाली, पाय ऐसपैस पसरले आणि साडीचा पडदा ओढून घेतला.

“मी हितंच झोपणार. तुम्ही तिघं आपापलं बघा.”

आम्ही तिघं बाहेर एका सतरंजीवर बसलो. धरणावरचं गार वारं आणि डासांची झुंड. पप्पांचं लक्ष मात्र पडद्याकडं होतं.

“पद्मे,” ते माझ्या कानात म्हणाले, “आवडली गं तिला.”

हंबीरकाकांच्या पिवळ्या मिशीवर एक डास येऊन बसला. काकांनी हात उगारला.

“भावजी,” पडद्यामागून आईचा आवाज आला, “हात खाली.”